मागे कोण सरकलं, आणि कशासाठी

(ऑगस्ट २०२१ मधलं पत्र आणि त्याचं उत्तर; लस आणि लोकलचे नियम तेव्हाचे आहेत. विनंतीवरून नाव छापलेलं नाही. पत्र थोडं आटोपशीर केलं आहे.)

“मी डोंबिवलीत राहते, वय ३४, खासगी शाळेत शिकवते. अकरा वर्षांपासून सोरायसिस हा त्वचेचा आजार आहे: कोपरं, गुडघे, डोकं आणि गेल्या वर्षापासून तळहातही. लॉकडाउनच्या आधी आठवड्यातून दोनदा मुंबईला मशिनच्या प्रकाशाखाली उभं राहायला जायचे, त्यानं बरंच आटोक्यात होतं. मार्च २०२० मध्ये तो विभाग बंद झाला, मग लोकल बंद. डॉक्टरांनी नंतर मेथोट्रेक्झेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी दिली, दर रविवारी १० मिलिग्रॅम. यंदा एप्रिलमध्ये मेसेज आला की असल्या गोळ्या घेणाऱ्यांना कोरोना सोडत नाही. मी कुणाला न सांगता गोळी बंद केली. त्याच भीतीनं लसही घेतलेली नाही. दोन महिन्यांत सगळं उफाळलं. गेटवर वॉचमन माझ्या हातांवर फरशीचं जंतुनाशक फवारतो. लिफ्टमध्ये बायका माझ्याबरोबर चढत नाहीत. सासूबाईंनी माझी बादली वेगळी केली. घरातले उठायच्या आत मी चादरीवरचा कोंडा झाडून काढते. मीच आपणहून हॉलमध्ये झोपायला लागले आहे. रात्री दोन-दोन तास खाजवते, दिवसातून तीसेक वेळा साबणानं हात धुते. गणपती जवळ आलेत, यंदा मोदकांना हात लावू नकोस असं आडून सुचवून झालंय. सगळे म्हणतात, ताण घेऊ नकोस. कसा घेऊ नको ते कुणी सांगत नाही. माझं डोकं फिरत चाललंय का?”

प्रिय मैत्रीण,

नाही. जिला चार महिने सलग झोप नाही, जिचा उपचार तुटलाय आणि जिच्याकडे बघून लोक लिफ्टची दारं लावून घेतात, तिचं जे होईल तेच तुमचं झालंय. ‘ताण घेऊ नकोस’ हा सल्ला आम्हीही देणार नाही. ताणामुळे सोरायसिस भडकतो हे खरं आहे, पण रुग्णाला ते ऐकवलं की आजाराबरोबर आजाराचा दोषही तिच्याच माथी येतो. तुमच्याकडे गोष्टी उलट्या क्रमानं घडल्यात. आधी उपचार गेला, मग झोप गेली, मग धीर. परत यायचं तेही त्याच वाटेनं: पहिल्यांदा गोळी, मग रात्र, मग लिफ्ट.

गोळीपासून सुरुवात करू. एप्रिलमध्ये ती बंद करण्यात तुम्ही मूर्खपणा केलात असं नाही. दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनसाठी लोक धावताना दिसत होते, तेव्हा प्रतिकारशक्तीचं नाव काढलं की कुणीही घाबरलं असतं. पण त्वचारोगतज्ज्ञांनी साथीत सर्वसाधारणपणे असं सांगितलंय की कोरोना झालेला नसेल तर चालू औषध आपल्या मनानं थांबवू नये. संसर्ग झाला किंवा ताप आला तर डॉक्टरांना विचारून तेवढ्यापुरतं थांबवावं. आता मात्र घाईनं या रविवारी जुन्या पट्टीतल्या चार गोळ्या घेऊन टाकू नका. आधी डॉक्टरांना फोन करा आणि जे झालं ते सरळ सांगा: “एप्रिलपासून बंद आहे, भीती वाटली म्हणून.” त्यांना हे रोज ऐकायला मिळतंय, ते रागावणार नाहीत. ते रक्ताच्या तपासण्या करायला सांगतील: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या. त्या ठीक आल्या की डोस ठरेल.

मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ही गोळी चुकून रोज घेतल्यानं माणसं दगावलेली आहेत, म्हणून वार ठरवा आणि गोळी घेतल्यावर कालनिर्णयवर त्या तारखेला फुली मारा. फॉलिक ॲसिड डॉक्टर सांगतील त्या दिवशी, मेथोट्रेक्झेटच्या दिवशी सहसा नाही. तोंडात फोड आले, ताप आला, दम लागला तर पुढचा डोस घेण्याआधी फोन करा. मूल होऊ देण्याचा विचार असेल तर तो आत्ताच डॉक्टरांच्या कानावर घाला. या गोळीवर असताना गर्भ राहणं धोक्याचं आहे. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तरी ही गोळी चालू आहे हे आधी सांगा, कारण काही अँटिबायोटिक आणि वेदनाशामक औषधांशी तिचं जमत नाही.

घरात गुळवेलीचा काढा चालू असेल तर तो थांबवा. सोरायसिसमध्ये प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती नको तिथे कामाला लागलेली असते; तिला आणखी चेतवून तुमचा काही फायदा नाही. शिवाय गुळवेल घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याचे रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत, आणि तुमची गोळीही यकृतावरच भार टाकणारी.

लस घ्या. कोव्हिशिल्ड किंवा कोव्हॅक्सिन, दोन्हींत वाढू शकणारा जिवंत विषाणू नाही, त्यामुळे सोरायसिस आहे म्हणून किंवा मेथोट्रेक्झेट चालू आहे म्हणून ती टाळायची नसते. लसीच्या आठवड्यात गोळी घ्यायची की एक डोस वगळायचा, एवढंच डॉक्टरांना विचारा. तुमच्यासाठी लसीला आणखी एक अर्थ आहे. १५ ऑगस्टपासून दोन डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांना लोकलचा पास मिळू लागलाय. कोव्हिशिल्डच्या दोन डोसांत सध्या ८४ दिवसांचं अंतर ठेवतात. म्हणजे पहिला डोस घेतल्यापासून ९८ दिवसांनी तुमचा मशिनचा रस्ता मोकळा. तोवर कल्याण-ठाण्यात कुणा त्वचारोगतज्ज्ञांकडे नॅरोबँडचं, म्हणजे प्रकाशोपचाराचं, मशिन आहे का, तेही फोनवर विचारून ठेवा.

डॉक्टर व्हिडिओवर बघणार असतील तर फोटो आधी पाठवा. दिवसा खिडकीपाशी, फ्लॅश न लावता, मलम लावायच्या आधी काढा. प्रत्येक जागेचे दोन: एक हातभर अंतरावरून, एक वीतभर अंतरावरून, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून. फोनचं ‘ब्युटी’ सेटिंग बंद करायला विसरू नका. ते लाली पुसून टाकतं आणि डॉक्टरांना आजार आहे त्यापेक्षा सौम्य दिसतो.

आता रात्र. आमच्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ वॉचमनची नाही, दोन तास खाजवण्याची आहे. अंथरुणात अंग गरम होतं, मन रमवायला काही नसतं, आणि संध्याकाळनंतर शरीरातलं खाज-सूज दाबणारं कॉर्टिसोलही उतरलेलं असतं. म्हणून खाज रात्रीच चढते. नखानं जिथे कातडी सोलली जाते तिथे सोरायसिसचा नवा चट्टा उठू शकतो. खवले ओढून काढले की खाली टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके येतात. चादरीवर उमटतात ते तेच. म्हणजे खाजवल्यानं खाज भागत नाही, दोन आठवड्यांनंतरच्या खाजेची तेवढी सोय होते.

झोपण्याच्या तासभर आधी कोमट पाण्यानं पाच-दहा मिनिटांत आंघोळ उरका. घासणी, वज्री काही नको. टॉवेलनं टिपा, पुसू नका, आणि अंग दमट असतानाच, तीनेक मिनिटांच्या आत मॉइश्चरायझर लावा. किती, हे फारसं कुणी सांगत नाही: दोन्ही हातांना (खांद्यापासून) मिळून आठवड्याला १०० ते २०० ग्रॅम, दोन्ही पायांना तेवढंच. बहुतेक जण ५० ग्रॅमची ट्यूब दोन महिने पुरवतात आणि मग ‘काही उपयोग नाही’ म्हणतात. महागडं क्रीम लागत नाही. साधी पांढरी पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल चालतं, फक्त हात सढळ हवा. पहाटे झाडावा लागणारा कोंडाही यानंच बराच कमी होतो, कारण ओले-मऊ खवले उडत नाहीत. (पण जेली-तेलानं भिजलेली बाही गॅसजवळ चटकन पेट घेते. सैंपाकाला जाण्याआधी कपडा बदला.)

डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉइडचं मलम वेगळं, मॉइश्चरायझर वेगळं. दोन्हींत अर्धा तास जाऊ द्या. मलमाचं माप असं: तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून एक रेघ पिळायची. ती साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. कोपराचं कडक मलम चेहऱ्याला, काखेत, जांघेत लावायचं नाही. मेडिकलवाल्यानं आपणहून दिलेलं, तीन-चार औषधं एकत्र असलेलं गजकर्णाचं मलम तर अजिबात नको. त्यात जहाल स्टिरॉइड असतं आणि थांबवल्यावर सगळं दुप्पट वेगानं उलटतं.

मग हाताचा प्रश्न. ‘खाजवू नकोस’ म्हणून हात थांबत नाही, त्याला दुसरं काम द्यावं लागतं. पहिला आठवडा काहीच बदलू नका, फक्त मोजा: उशाशी वही ठेवा, हात खाजेकडे गेला की एक रेघ. कितीदा गेला आणि तेव्हा काय चाललं होतं, एवढंच. आमचा अंदाज, निम्म्या रेघा झोपेत किंवा झोपमोडीत नसतील. फोनवर कोरोनाच्या बातम्या बघताना असतील. दुसऱ्या आठवड्यापासून हात निघाला की अंगठा आत घेऊन मूठ आवळायची आणि ३० पर्यंत मोजायचं. खाज टिकून असेल तर तळहात त्या जागी सपाट दाबून धरायचा, घासायचा नाही. तरीही नाही गेली, तर फ्रीजमध्ये ठेवलेलं मॉइश्चरायझर लावा किंवा गार पाण्यात पिळलेला सुती रुमाल पाच मिनिटं ठेवा; बर्फ थेट नको. खाजेची लाट चढते तशी उतरतेही, बहुतेकदा काही मिनिटांत. आपण शिखरावर असतानाच हार मानतो म्हणून उतार कधी दिसत नाही. वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसरीकडे बसा, दिवा मंद, हातात फोन नाही. झोपेत नकळत ओरबाडत असाल तर नखं दर तीन दिवसांनी कापा आणि हातांत पातळ सुती मोजे घाला. पहिले आठ-दहा दिवस रेघा कमी होणार नाहीत. बरेच जण तिथेच सोडतात.

तीस वेळा हात धुणं तुम्हाला सुरक्षित वाटतं, पण तळहाताच्या भेगा त्याच्यानं भरत नाहीत. कोरोना मुख्यतः श्वासातून पसरतो. घरात बसल्या बसल्या हात धुऊन तो कमी होत नाही. बाहेरून आल्यावर, सैंपाकाच्या आणि जेवणाच्या आधी, संडासनंतर, एवढं पुरे. अंगठी काढा, २० सेकंद धुवा, बोटांच्या बेचक्यांतलं पाणी टिपा, लगेच जेली. कातडी अखंड असेल तर स्पिरिटचं सॅनिटायझर साबणापेक्षा कमी कोरडं करतं. भेगा असतील तर आग होते, तेव्हा साबणच. भांडी-फरशीला आत सुती आणि वर रबरी हातमोजे. मास्कचं इलास्टिक कानामागे घासून तिथे चट्टा उठत असेल तर डोक्यामागे बांधायचा मास्क शिवून घ्या.

आणि आता लिफ्ट.

गेलं दीड वर्ष सगळ्यांना सहा फूट लांब राहायला सांगितलंय. बाकीच्यांसाठी ते अंतर नवीन आहे, तुम्हाला जुनं. आधी कुणी मागे सरकलं तर ते कशासाठी हे तुम्हाला कळायचं. आता लिफ्टमधली बाई मास्क नीट करत मागे सरकते तेव्हा ती कोरोनाला घाबरली की तुमच्या कोपराला, हे ओळखायची सोय नाही. अकरा वर्षांच्या सवयीनं मन प्रत्येक पाऊल कोपराच्या खात्यात टाकतं. काही पावलं खरंच त्या खात्यातली आहेत, ती तुम्ही कल्पिलेली नाहीत. पण सगळी नाहीत. म्हणून आठवडाभर वहीच्या मागच्या पानावर तीन रकाने करा: काय झालं, मला काय वाटलं, आणखी काय कारण असू शकतं. ‘लिफ्टमध्ये चढली नाही’ याच्यासमोर ‘सोसायटीत एका वेळी दोघांनाच परवानगी आहे’ असंही लिहिता येतं का ते बघा. येत नसेल तर रकाना मोकळा सोडा. खोटं समाधान लिहायचं नाही.

मग एक छोटा प्रयोग. सकाळी सातला दूध आणायला अर्ध्या बाह्यांत खाली जा, दहा मिनिटं. जाण्याआधी लिहा: दहांतले किती जण बघतील. आल्यावर लिहा: किती जणांनी बघितलं. तीन दिवस दूध, मग भाजी, मग लिफ्ट. पहिल्याच दिवशी सोसायटीच्या मीटिंगला जाऊ नका.

बोलायला दोन वाक्यं तयार ठेवा आणि आरशासमोर मोठ्यानं म्हणून बघा: “हा सोरायसिस आहे, लागत नाही. अकरा वर्षं आहे, उपचार चालू आहेत.” तिसरं वाक्य नको. आपण समजावत राहिलो की समोरच्याला वाटतं काहीतरी लपवतेय. सोसायटीच्या ग्रुपवर लांबलचक मजकूर टाकू नका. खाली पंचवीस सल्ले येतील, त्यांत कडुनिंबाचा रस असेल, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही आणखी थकलेल्या असाल. त्याऐवजी डॉक्टरांकडून लेटरहेडवर चार ओळी घ्या: हा आजार संसर्गजन्य नाही, स्पर्शानं, कपड्यानं, पाण्यानं पसरत नाही, जंतुनाशक फवारल्यानं कातडीला इजा होते. औषधांची नावं त्यात नकोत, ती सोसायटीला कळायचं कारण नाही. हे पत्र तुमच्या नवऱ्यानं सेक्रेटरींना नेऊन द्यावं. सोबत सांगावं की माणसांच्या अंगावर जंतुनाशक फवारू नका असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं एप्रिल २०२० मध्येच कळवलंय, आणि जागतिक आरोग्य सभेच्या २०१४ च्या ठरावात सोरायसिसला असंसर्गजन्य म्हटलंय. वॉचमनशी भांडू नका. त्याला बाटली कुणीतरी हातात दिलीय.

ऑनलाइन वर्ग घेताना रोज चार तास तुम्ही स्वतःचाच चेहरा बघता आहात, कपाळावरची लाल कड शोधत. झूमवर ‘हाइड सेल्फ व्ह्यू’ आहे, ते लावा. सोय नसेल तर स्क्रीनच्या त्या चौकटीवर कागदाची चिठ्ठी चिकटवा. मुलं तुमच्या कपाळाकडे बघत नाहीत, बहुतेकांचा कॅमेराच बंद असतो.

हॉलमधल्या झोपण्याबद्दल एकच. नवऱ्यानं तुम्हाला बाहेर काढलेलं नाही, असं तुम्हीच लिहिता. त्यांना काय वाटतं ते विचारलंत का? विचारा, आणि पहाटेची चादर झाडायचं काम वाटून घ्या. कोंडा म्हणजे मेलेली कातडी. ती सगळ्यांचीच गळते. एरवी नवी कातडी वर यायला चारेक आठवडे लागतात, तुमची चार-पाच दिवसांत येते. फिक्या छापील चादरीवर ती कमी दिसते, हीही युक्ती आहेच.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस रोज रडू येत असेल, भूक-गोडी गेली असेल, वर्गात शब्द सुचत नसतील, तर हे मलमाच्या पलीकडचं आहे. सोरायसिसच्या रुग्णांत नैराश्य इतरांपेक्षा जास्त आढळतं आणि त्यावर वेगळे उपचार आहेत. त्वचेच्या डॉक्टरांकडून डीएलक्यूआय ही, त्वचेच्या आजारानं जगण्यावर किती परिणाम झालाय ते मोजणारी, दहा प्रश्नांची यादी भरून घ्या. गुण ० ते ३० असतात, १० च्या वर गेले तर आजारानं जगणं फार व्यापलंय असं धरतात. मनोविकारतज्ज्ञांना सोरायसिस असल्याचं आणि मेथोट्रेक्झेट चालू असल्याचं सांगा. लिथियमसारखं औषध सोरायसिस भडकवतं, त्यांना पर्याय निवडता येईल. जगणं नको असा विचार एकदा जरी आला तर दोन आठवडे मोजत बसू नका. त्याच क्षणी नवऱ्याला उठवा, किंवा ‘टेलि-मानस’ या सरकारी हेल्पलाइनला फोन करा: १४४१६, विनामूल्य, चोवीस तास, मराठीतही बोलतात. आणि अंगभर लाली येऊन थंडी वाजली, किंवा लालीवर पुवाचे बारीक फोड आणि ताप आला तर त्याच दिवशी हॉस्पिटल.

गणपती १० सप्टेंबरला आहेत. खोटी आशा देत नाही: मेथोट्रेक्झेटचा परिणाम दिसायला सहा-आठ आठवडे लागतात, तोवर हात स्वच्छ होणार नाहीत. झोप मात्र तोवर बरीच परत येऊ शकते. या दिवसांत कुणीतरी ‘आठवड्यात साफ’ करणारी पुडी किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या आणून देईल. घेऊ नका. अशा पुड्यांत कधी कधी स्टिरॉइडच मिसळलेलं असतं, आणि ते थांबवलं की पुवाच्या फोडांचा सोरायसिस उठू शकतो. दूध, वांगं, आंबट बंद करण्यात काही हशील नाही.

बादलीवरून सासूबाईंशी वाद घालू नका. लेटरहेडवरचं पत्र त्यांनाही वाचायला द्या, तेही मुलानं. त्यांच्या भीतीला कोरोनानं खतपाणी मिळालंय; सुनेनं समजावलं तर त्या ते भांडण समजतील, डॉक्टरांचा कागद कागद असतो. एक बादली वेगळी राहिली तरी तूर्त राहू द्या.

मोदकांचं तसं नाही. तुमच्या हातातून कुणाच्या पोटात काही जात नाही, त्यामुळे ते सोडू नका. भेगाळलेल्या तळहातांना गरम उकड सोसणार नाही, आणि पीठ भेगांत अडकून आग होईल. हाताला तूप लावा, उकड परातीत घेऊन तेल लावलेल्या वाटीच्या तळानं मळा, कोमट झाली की मग हात घाला. कळ्या तुम्हीच पाडा.